बिळात न राहणारा ससा

सिंदेवाही तालुक्याच्या कडेला, जिथे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, संपतात आणि सागाचे जंगल सुरू होते, तिथे करंजबोडी नावाचे एक गाव आहे. या गावात मुखरू नावाचा एक शिकारी राहतो. त्याने आजवर एकही शिकार केलेली नाही. गावाला याचा संशय होता आणि त्याची बायको गुणाबाई हिला याची खात्री होती. संशय आणि खात्री यांच्यामध्ये जी थोडीशी मोकळी जागा उरते, तिथे मुखरूची सारी प्रतिष्ठा कित्येक वर्षे पाय पसरून बसली होती.

मुखरूचे वय साठीच्या पुढचे. मिशा भरघोस, आणि त्या दिवसातून अनेकदा वर वळवल्या जात असल्यामुळे त्यांची टोके तंबाखूच्या रंगाची झालेली. मुलगा धनराज गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात कामाला आहे. त्याने एका दिवाळीला बापासाठी खाकी रंगाची, पुष्कळ खिशांची पँट आणली होती. त्यातल्या एका खिशात तंबाखूची डबी असते. बाकीच्या खिशांत काय ठेवावे हे या शिकाऱ्याला अद्याप सुचलेले नाही. रोवण्याच्या दिवसांत सगळे गाव गुडघाभर चिखलात वाकलेले असताना मुखरू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून जंगलाच्या दिशेने डोळे बारीक करून पाहत असे. कोणी विचारलेच तर तो हाताने गप्प राहण्याची खूण करी. गुणाबाई चिखलातूनच ओरडे, "जनावर दिसलं का जी? दिसलं असन तं त्याले म्हना, दोन पेंढ्या इकडे फेक." मुखरू त्यावर उत्तर देत नसे. शिकारी माणसाला बोलून चालत नाही, असे त्याचे मत होते. पानठेल्यावर मात्र तो या मताचे पालन करीत नसे.

त्याच्या शिकारीपणाचा उगम जंगलात नसून मूल शहराकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर आहे. काही वर्षांपूर्वी तो सकाळच्या वेळी बाजाराकडून सायकलने परतत होता. वळणावर एक ससा पडलेला दिसला. त्याला उडवून गेलेला ट्रक अजून फार लांब गेला नसावा, कारण धूळ खाली बसायची होती. मुखरूने पुढेमागे पाहिले, सशाला सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात घातले आणि गावाच्या वेशीपासून मुद्दाम सायकल हातात धरून, पोते खांद्यावर टाकून तो चालत घरी आला. येताना त्याने खुशालच्या पानठेल्यापाशी थांबून पाणी मागितले. पाणी त्याच्या घरीही होते.

ससा साफ करायला गुणाबाई बसली. त्याची डावी बाजू पोह्यासारखी चपटी झालेली होती.

"याले काय झालं?" तिने विचारले.

"झडपेत असंच होते."

"कोणाच्या झडपेत? टरकच्या?"

"हळू बोल वो धनराजची माय. खुशाल बाहेर उभा हाये."

खुशाल एकटा नव्हता. त्याच्या मागे आणखी दोघे होते आणि एकाने तर घरून वाटी आणली होती. चूल पेटलेली, मसाला वाटून झालेला, आणि दारात माणसे. गुणाबाई गप्प बसली. तिने आपल्या आयुष्यात जी काही मौने पाळली, त्यांतले हे सर्वांत वाईट होते, असे तिचे आजचे मत आहे. हाडांचे चुरे निवडून काढता काढता तिने रस्सा केला. लोकांनी तो बोटे चाटून खाल्ला आणि त्या दिवसापासून करंजबोडीला एक शिकारी मिळाला.

मग तो ससा वाढू लागला. मेलेल्या सशाला इतके आयुष्य लाभल्याचे दुसरे उदाहरण नसेल. पहिल्या वर्षी तो दगडाने मारलेला होता. पुढे दगडाची गलोल झाली, गलोलीचे जाळे झाले, आणि एकाचे अनेक ससे झाले. ऐकणाऱ्यांपैकी कोणी आक्षेप घेत नसे. पानठेल्यावर बसणाऱ्या माणसांना वेळ काढायचा असतो आणि मुखरू त्यांना तो विनामूल्य काढून देत असे. त्यांच्या या औदार्याचा त्याने भलताच अर्थ लावला, हा त्याचा दोष. तो त्यांनी लावू दिला, हा त्यांचा.

धनराजने बापाला मोठा फोन आणून दिला, तेव्हा या कीर्तीला परदेशाचे वारे लागले. त्या फोनमधल्या चित्रफितींत कुठल्याशा थंड मुलखातले म्हातारे, गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवलेले, लाकडी पेटीतून एक लांबुळके, पांढुरके, मुंगसाच्या मावसभावासारखे दिसणारे जनावर काढीत, त्याचे डोके गोंजारीत आणि त्याला बिळाच्या तोंडाशी सोडीत. बिळाच्या बाकीच्या तोंडांवर लहान लहान जाळी लावलेली असत. जनावर आत शिरे आणि थोड्या वेळाने आतले ससे जीव घेऊन बाहेर पडत, ते थेट जाळ्यात. मुखरूने हे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि जेवण झाल्यावर पुन्हा पाहिले.

फोन बायकोपुढे धरून तो म्हणाला, "पाय वो, हे पाय. याले म्हनते शिकार."

गुणाबाईने भाकरी थापता थापता मान वळवली. "तो ससा बिळात काऊन बसला?"

"त्यांच्याकडे बसते."

"मंग तुमी त्यांच्याकडेच जा ना. इथी काऊन बसून राह्यले?"

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती झाडीतल्या, म्हणजे या पूर्वेकडच्या धानपट्ट्यातल्या, वाचकांना सांगण्याची गरज नाही. आपल्या रानातला ससा बिळात राहत नाही. तो गवताच्या आडोशाला, झुडपाच्या बुडाशी, आपल्या अंगाएवढा खळगा करून त्यात दबून बसतो. माणसाचा पाय जवळजवळ अंगावर पडेपर्यंत हलत नाही आणि हलला की दिसेनासा होतो. बकऱ्या चारणाऱ्याला हे माहीत असते, सरपण आणायला जाणाऱ्या बाईला हे माहीत असते. मुखरूलाही ते लहानपणापासून माहीत होते. पण फोनमध्ये पाहिलेले ज्ञान एकदा डोक्यात शिरले की डोळ्यांनी पाहिलेल्या ज्ञानाला तिथून उठावे लागते. मुखरूने गावचा ससा बिळात नेऊन बसवला आणि त्याला बाहेर काढण्याच्या तयारीला लागला.

मुंगूस त्याच्याकडे आधीच होते. मळणीच्या वेळी तणसाच्या ढिगाखाली सापडलेले, डोळे नुकतेच उघडलेले ते पिल्लू गुणाबाईने दुधाच्या बोळ्यावर वाढवले होते. मुखरूने त्याचे नाव सरदार ठेवले आणि त्याची तालीम सुरू केली. नळयोजनेच्या कामातून उरलेला एक पाइप त्याने अंगणात आडवा टाकला. एका टोकाला सरदारला धरायचे, दुसऱ्या टोकाला गुणाबाईच्या खुराड्यातले अंडे ठेवायचे आणि शीळ घालून सोडायचे. पहिल्या काही वेळा सरदार पाइपातून गेला. मग त्याने मान वाकडी करून थोडा विचार केला आणि पाइपाच्या बाजूने, उघड्या अंगणातून धावत जाऊन अंडे घेतले. त्यानंतर तो पाइपात कधीच शिरला नाही. शीळ वाजली की त्याने पाइपाला वळसा घालावा, अंडे फोडावे आणि तोंड पुसावे.

"शिकला तं खरा," गुणाबाई म्हणाली. "पाइपातनं नाई जावाचं, हे शिकला."

"तुले नाई समजत. सरदार पयले घेराव करते."

एवढे सगळे झाले तरी ते घराच्या आणि पानठेल्याच्या हद्दीत होते. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, भरली आणि ती हद्द मोडली. मंडईला दुपारच्या वेळी पियुष आला. मूल रोडला पियुषचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, आणि त्याशिवाय त्याचे एक चॅनेल आहे, ज्यावर तो झाडीतल्या अस्सल माणसांच्या मुलाखती टाकतो. अस्सल माणूस ओळखण्याची त्याची कसोटी साधी आहे: मिशा असाव्यात आणि माणूस बोलका असावा. आकाशपाळणा आणि जिलेबीचे दुकान यांच्या मध्ये, सरदारला खांद्यावर घेऊन, खाकी पँटीत उभा असलेला मुखरू त्याला दिसला, तेव्हा त्याला वाटले असणार की आपण उगीच इतकी वर्षे फोन दुरुस्त करीत बसलो.

त्या चित्रफितीत मुखरू असे म्हणतो: "किती ससे मारले म्हनतेस? मोजाले का मी मास्तर आहो? बीळ पायलो का मी सरदारले सोडतो. इकडून सरदार, तिकडून जाळं. ससा जाते कुठी?" मग पियुष विचारतो, "मुखरूभाऊ, वनखात्याची भीती नाई वाटत?" यावर मुखरू कॅमेऱ्याकडे वळतो, मिशीचे एक टोक वर करतो आणि म्हणतो, "वनखात्याले का समजते बापा? त्याह्यचा जलम गेला तरी माही शिकार त्याह्यच्या हाती नाई लागाची."

'झाडीचा शेवटचा शिकारी' या नावाने ती फीत फोनाफोनांतून फिरली. ती धनराजने गडचांदूरला पाहिली आणि बापाला फोन करून फक्त "बाबा, तुमाले काई अक्कल?" एवढे विचारले. मुखरूला ते अभिनंदन वाटले.

ती फीत वनखात्यानेही पाहिली.

वनरक्षक संघप्रिया एका सकाळी दोन वनमजुरांना घेऊन करंजबोडीत आली. ही मूळची नागभीडकडची, तिशीच्या आतली, मोजके बोलणारी आणि ऐकताना समोरच्याकडे एकटक पाहणारी. मुखरूच्या पोकळ गप्पा तिने गस्तीवर येता-जाता पानठेल्यावर ऐकलेल्या होत्या आणि त्यांची किंमत तिला ठाऊक होती. पण आता वरून आदेश आला होता. माणूस स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल करतो आहे आणि खात्याला आव्हानही देतो आहे, मग तुमचे क्षेत्र करते काय, असे तिला विचारण्यात आले होते. तिने खुशालला पंच म्हणून बोलावून घेतले. खुशाल आला, म्हणजे पानठेला आला, आणि पानठेला आला म्हणजे गाव आले.

"मुखरूभाऊ, हे तुम्हीच ना?" तिने फोन त्याच्यासमोर धरला.

सरकारी माणसाच्या फोनमध्ये स्वतःला पाहून मुखरूच्या चेहऱ्यावर जे उमटले, त्याला भीती म्हणता येणार नाही. "आवाज जरा वाढवा ना मॅडम," तो म्हणाला.

तिने आवाज वाढवला. सगळ्या अंगणाने ती फीत शेवटपर्यंत ऐकली. मग ती म्हणाली, "ससा मारणं गुन्हा आहे. मुंगूस पाळणंसुद्धा गुन्हा आहे. तुम्ही कॅमेऱ्यासमोर कबूल झाले. मला तुम्हाला घेऊन जावं लागेल. पुढं कोर्ट, जामीन, तारखा. समजून राहिले ना?"

आता मात्र मुखरूच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने पाठीमागे पाहिले. मागे गाव उभे होते. खुशाल, खुशालच्या मागची माणसे, भिंतीवरून डोकावणाऱ्या बाया, सगळे त्याच्याचकडे पाहत होते. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत थट्टा नव्हती. सरकारने याला खरे मानले, म्हणजे कदाचित हा खराच असेल, असे काहीतरी त्या नजरांमध्ये होते. मुखरूने ते ओळखले. त्याची मान हळूहळू ताठ झाली, हात मिशीकडे गेला.

"लिहा मॅडम," तो म्हणाला. "लिहून टाका. शिकारी मुखरू. समदं कबूल."

चुलीपाशी उभ्या असलेल्या गुणाबाईला त्याच क्षणी समजले की हा माणूस जाणार. धान अजून बांध्यांत कापून पडलेले होते, मळणी व्हायची होती, धनराजला सुट्टी काढून धावत यावे लागले असते, तालुक्याच्या कोर्टात तारखांना आपल्यालाच भाकरी बांधून जावे लागले असते. हे सगळे तिच्या मनात आले. पण तिची खरी धास्ती या सगळ्याहून मोठी होती. हा माणूस आज शिकारी म्हणून गाडीत बसला, तर कधीतरी शिकारी म्हणूनच परत येईल; आणि मग उरलेल्या जन्मात त्याला कोणी खोटे म्हणू शकणार नाही, कारण त्याच्याजवळ सरकारचा दाखला असेल. ट्रकने मारलेला तो एक ससा तिला मरेपर्यंत ऐकावा लागेल.

ती पुढे आली. "मॅडम, यानं ससा मारला नाई."

"तू गप बस वो!" मुखरू ओरडला.

"आजवर गपच होती. मॅडम, याच्यानं घरची कोंबडी धरणं होत नाई. पाहुणे आले का मलेच तिच्या मागं धावा लागते, आन् हा दारात उभा राहून सांगते, डावीकडून घे, उजवीकडून घे."

भिंतीपलीकडे एक बाई फिसकन हसली. संघप्रियाने तिकडे पाहिले नाही. "गुणाबाई, तुम्ही बायको आहात. नवऱ्याला वाचवायला कोणीही असंच म्हणेल."

"वाचवाले?" गुणाबाईला हा आरोप फारच लागला. "याले वाचवाले मी बोलून राह्यली असं वाटते तुमाले? बरं, तुमी नागभीडच्या. लहानपणापासून जंगल पायलं. बिळातून ससा निघाला, असं पायलं का कधी तुमी?"

संघप्रियाने ओठ घट्ट मिटून घेतले. "मी काय पाहिलं ते सोडा. कबुली आहे ना समोर."

"मंग आता पाहून घ्या. धुऱ्यावर बीळ हाये. मुंगूस हाये. जाळं हाये, उन्हाळाभर इथंच बसून विणलं यानं. आन् शिकारी तं हायेच. एक ससा काढून दाखवू द्या. निघाला तं घेऊन जा याले, मी सोताच गाडीत बसवून देईन."

वनरक्षकाच्या नोकरीत करमणुकीचे प्रसंग थोडे येतात. शिवाय पंचांसमक्ष खात्री करणे हे कामाच्या चौकटीतही बसत होते. संघप्रिया उठली. "चला मुखरूभाऊ."

अंगणापासून धुऱ्यापर्यंतच्या वाटेवर मुखरू पुढे होता आणि तो सावकाश चालत होता. इतकी वर्षे ज्या सशाला त्याने शब्दांनी बिळातून काढले, तो आज खरोखर निघाला तर तुरुंग होता आणि न निघाला तर हसू होते. यातले त्याला काय हवे होते, हे त्याच्या चालण्यावरून गुणाबाईला स्पष्ट दिसत होते. ससा निघावा अशी मनातल्या मनात प्रार्थना करीत तो चालला होता.

धुऱ्यावर घुशींनी पोखरलेले एक जुने बीळ होते. मुखरूने पलीकडच्या तोंडावर जाळे लावले. ते दोनदा सुटले आणि शेवटी एका वनमजुराने दयेपोटी त्याच्या कडा दगडांनी दाबून दिल्या. मग मुखरूने सरदारला खांद्यावरून उतरवले, थंड मुलखातल्या म्हाताऱ्यांप्रमाणे त्याचे डोके गोंजारले, बिळाच्या तोंडाशी धरले आणि शीळ घातली.

सरदारने शिकलेले तंतोतंत केले. त्याने बिळाला वळसा घातला, धुऱ्यावरून पलीकडे धावत गेला आणि जाळ्यासमोर उभा राहून अंडे शोधू लागला. अंडे नव्हते. त्याने मागे वळून मुखरूकडे पाहिले. मुखरूने पुन्हा शीळ घातली. सरदार धुऱ्यावरून परत आला, मग पुन्हा पलीकडे गेला. तिसऱ्या शिळेकडे त्याने लक्षच दिले नाही, खालच्या ओल्या बांधीत उतरून एक खेकडा धरला आणि तो तोंडात घेऊन झुडपांत शिरला. तो पुन्हा दिसला नाही.

आधी वनमजूर हसले. मग धुऱ्यावरची माणसे हसली, मग बाया हसल्या, आणि ते हसणे अंगणात राहिलेल्यांपर्यंत काय झाले ते न कळताच पोचले. एकटा खुशाल गोंधळलेला होता. "थांबा, थांबा. मंग तो ससा? मी सोता वाटीभर खाल्लो ना!"

"तो टरकनं मारला," गुणाबाई म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की सगळे थांबले. "मूल रोडवर. डावी बाजू पोह्यावानी झाल्ती. हाडाचे चुरे मीच निवडून काढले, तुमच्या घशात अडकू नये म्हनून."

"गुणाबाई," संघप्रिया घाईने म्हणाली, "एवढं मी ऐकलं नाही. मेलेला ससा खाणंही गुन्हाच आहे. खुशालभाऊ, तुम्ही वाटीभर काय खाल्लं?"

खुशालने तिच्याकडे पाहिले, मुखरूकडे पाहिले आणि त्याला परिस्थितीचे आकलन झाले. "वांगे, मॅडम. वांग्याची भाजी."

मुखरू धुऱ्यावर उभा होता. मिशा होत्या तेवढ्याच होत्या, पण आता त्या दुसऱ्या कोणाच्या असून याच्याकडे सांभाळायला दिलेल्या असाव्यात अशा दिसत होत्या. संघप्रियाने त्याला पंचांसमोर उभे केले. "बोला, मी कधीही ससा मारला नाही."

मुखरूने एकदा बिळाकडे पाहिले. मग तो म्हणाला, "या साली नाई."

"कधीही."

"…कधीच नाई."

हे शब्द त्याच्या तोंडून निघाले, तेव्हा गुणाबाईला जे वाटले त्याला समाधान हा शब्द अपुरा आहे. इतक्या वर्षांचा रस्सा तिच्या घशाखाली आज उतरला होता. मुंगूस स्वतःहून जंगलात गेले, ससा आढळला नाही, फीत करमणुकीसाठी केलेली होती, असे लिहून घेऊन आणि पियुषला ती काढून टाकायला लावून संघप्रिया निघून गेली. जाताना मुखरूला म्हणाली, "बायकोचे पाय धरा." मुखरूने पाय धरले नाहीत. पण तो त्या दिवसापासून घराबाहेर पडेना. बायकोकडे पाठ करून जेवे. खाकी पँट त्याने दोरीवर टाकली ती उचलली नाही. मळणीला तो हाक न मारता आला आणि कोणाला काही न सांगता धानाच्या पेंढ्या उचलू लागला. गुणाबाईला प्रथमच नवरा मिळाल्यासारखे झाले. ती संध्याकाळी घरामागच्या वाडीतल्या मेथीला पाणी घालताना चक्क गुणगुणे.

हे सुख मळणी संपेपर्यंत टिकले.

एका दुपारी ती गिरणीतून दळण घेऊन येत होती. पानठेल्याच्या मागच्या बाजूने वाट आहे. आतून ओळखीचा आवाज आला आणि ती थबकली. खाकी पँट तिला फळ्यांच्या फटीतून दिसली.

"मी धुऱ्यावर जाता जाता इचार केलो," मुखरू सांगत होता, "म्हनलो, आता सरदार काई कामाचा नाई. गार्ड मॅडम म्हंजे ससा नोहे. ते तं वाघीण! मंग का करावं? बायकोले सोडलो बिळात."

"गुणाबाईले?" कोणीतरी विचारले.

"हाव ना. शिकवून ठेवलो होतो मी तिले. कोंबडीचं बोल, टरकचं बोल, समदं मीच सांगलो होतो. तिकडून ते बोलत गेली, इकडून मॅडम पायता पायता जाळ्यात आली. गेली का नाई हात हलवत? अरे, सशाची शिकार कोणीबी करन. वनखात्याची शिकार केलो मी!"

खुशाल सुपारी कातरीत बसला होता. त्याने सगळे डोळ्यांनी पाहिले होते, कानांनी ऐकले होते, पंच म्हणून खाली सही केली होती. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "मले तवाच वाटलं होतं."

गुणाबाई पिठाचा डबा कमरेवर घेऊन पुढे आली.

"मले बिळात सोडलं म्हनता," ती म्हणाली. "मंग पलीकडच्या तोंडाले माह्यासाठी अंडं कोणतं ठेवलं होतं जी?"

ठेला खदखदून हसला. मुखरूसुद्धा हसला, आणि ते पाहून गुणाबाईच्या लक्षात आले की आपण हरलो. ती लोकांना खोटे पाडायला आली होती आणि लोकांना वाटले की गोष्टीतले पात्रच गोष्ट रंगवायला येऊन उभे राहिले. चारचौघांत, सरकारी माणसासमोर, नवऱ्याच्या तोंडून वदवून घेतलेले सत्य या गावात मळणी संपेपर्यंतसुद्धा तग धरू शकले नव्हते. खोटे बोलणारा एकटाच होता. ते चवीने खाणारे वाट्या घेऊन तेव्हाही दारात उभे होते आणि आजही होते.

घरी येऊन तिने खुंटीवरचे जाळे काढले आणि मेथीच्या वाफ्याभोवती काठ्या रोवून ताणून बांधले. निदान कोंबड्या तरी आत शिरणार नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दव अजून पडत असताना, ती वाडीत गेली तेव्हा जाळे हलत होते. खालच्या कोपऱ्यात एक ससा अडकला होता. कान मागे टाकलेले, मागचे पाय दोऱ्यांत गुरफटलेले, आणि पोट इतक्या वेगाने खालीवर होत होते की सगळे जाळे त्याबरोबर थरथरत होते. मेथीचे कोवळे पान त्याच्या तोंडाला चिकटलेले होते. धुऱ्यापलीकडच्या गवतातून, म्हणजे जिथे ससे राहतात तिथून, तो आला होता.

घरात मुखरू घोरत होता. गुणाबाईने एकदा दाराकडे पाहिले. एक हाक मारायची, एवढेच काम होते. मग तिने विळा घेतला, सशाच्या पायांभोवतीचे दोरे एकेक करून कापले आणि हात मागे घेतला. ससा क्षणभर तसाच दबून राहिला. मग तो नव्हता. सशाची कीव तिला फारशी आली नव्हती. त्याने अर्धा वाफा फस्त केला होता. पण हा ससा नवऱ्याच्या हाती लागला असता, तर तो तिला उरलेला सगळा जन्म खावा लागला असता.

दात घासत मुखरू बाहेर आला. त्याने कापलेले जाळे पाहिले, चुरगळलेली मेथी पाहिली, आणि त्याच्या तोंडातले बोट जागच्या जागी थांबले.

"जाळं कोणं तोडलं वो?"

"मले का माहीत? कोंबड्यानं तोडलं असन."

"कोंबडा?" तो खाली बसला, तुटलेल्या दोऱ्यांची टोके त्याने बोटांनी चाचपली, ओल्या मातीकडे डोळे बारीक करून पाहिले. "एवढं नायलॉनचं जाळं तोडलं म्हंजे जनावर मोठंच असन."

तो चहासाठी थांबला नाही. दोरीवरची खाकी पँट चढवून, मिशीवर ओला हात फिरवीत तो पानठेल्याकडे निघाला. गुणाबाई वाफ्याशी बसून जाळ्याला गाठी मारीत होती. दुपारी भिंतीपलीकडच्या शेजारणीने डोके वर काढून काळजीच्या सुरात विचारले, "गुणाबाई, तुमच्या वाडीत बिबट्या आल्ता म्हनते?"

गुणाबाईने गाठ दातांनी आवळली आणि दुसरी मारायला घेतली.